दोन कड्यांची फ्रेम

माझ्या दुकानात कोणी फोटो घेऊन आलं की मी एकच विचारतो, "हार लागणार आहे का?"

"कोण गेलं?" असं तोंडावर विचारणं मला कधी जमलं नाही. हाराचं विचारलं की समोरचा मान हलवतो आणि मला कळतं. मग मी फ्रेमच्या वरच्या पट्टीवर, दोन्ही कोपऱ्यांत, दोन बारीक पितळी कड्या बसवतो. हार त्यांत अडकतो, घसरत नाही. देवांच्या फोटोंनाही त्या लागतात. पण जिवंत माणसाच्या फोटोला मी त्या कधी लावल्या नाहीत. गिऱ्हाइकानं सांगितलं तरी नाही. एकदा एका नगरसेवकाच्या वाढदिवसासाठी पोरं मोठा फोटो घेऊन आली होती, "कड्या लावा, हार घालायचा हाये," म्हणाली. कड्या संपल्यात असं मी खोटंच सांगितलं आणि कड्यांची डबी पायानं बाकड्याखाली सरकवली.

मी इकडचा नाही. माझं गाव सावंतवाडीच्या बाजूला. सातवीत शाळा सुटली आणि मामाच्या हाताखाली रंधा मारायला लागलो. मामानं अमरावतीत एका कापड दुकानाच्या फर्निचरचं काम घेतलं होतं, म्हणून आलो. काम संपलं, मामा परत गेला, मी मात्र पुढच्या महिन्यात जाऊ म्हणत इथंच राहिलो. इथली कोरडी हवा लाकडाला चांगली, पट्टी फुगत नाही. मोर्शीकडच्या मुलीशी लग्न झालं. मुलगा झाला, तो पहिल्या शब्दापासून वऱ्हाडी बोलला. घरात माझी भाषा एकट्या माझ्यापुरती उरली, आणि आता तीही अर्धी इथलीच झाली आहे.

भीती तेवढी गावाहून येताना बरोबर आणली होती तशीच आहे. बायको म्हणते, "तुमी जिन्यावरून उतरतानीबी देवाचं नाव घेता." खरं आहे. मुलगा फौजेत भरती झाला त्या दिवशी आमच्या गल्लीत पेढे वाटले गेले. मी पेढा तोंडात धरून बसलो होतो.

त्याला भरतीपर्यंत पोचवलं ते सरांनी. सर म्हणजे माझे घरमालक, निवृत्त शिक्षक. रस्त्याकडेची माझी टपरी उठवली गेली तेव्हा त्यांनी आपल्या फाटकाजवळची खोली उघडून दिली आणि म्हणाले, "मिस्त्री, इथं बसा. निदान माझ्या घरातले फोटो तरी सरळ लागतील." मुलगा दहावीला गेला तसं ते रोज संध्याकाळी त्याला गणित शिकवायला बसवू लागले. भरतीची लेखी परीक्षा झाली तेव्हा निकाल त्यांनी माझ्याआधी पाहिला. यातलं काहीच त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. म्हणून तर ते विसरता येत नाही.

सरांना नाद पोस्टाच्या तिकिटांचा. त्यातही त्यांचा जीव एकाच गोष्टीवर, लष्करातल्या वीरांवर निघालेली तिकिटं. परमवीर, महावीर, पलटणींची, लढायांची. घरात एक खोली त्यासाठीच. तिकिटाला बोट लावायचं नाही, चिमट्यानं उचलायचं. मागचा डिंक शाबूत राहिला पाहिजे. आणि अख्खं पान असेल तर त्यातलं एक तिकीटही तोडायचं नाही, भोकांच्या ओळीला धक्का लागला की ते पान गेलंच. बाई, म्हणजे सरांच्या पत्नी, थट्टेनं म्हणायच्या, "माझ्या साडीला इस्त्री नसली तरी चालेल, तिकिटाला सुरकुती नको."

गेल्या हिवाळ्यात अकोल्याला तिकिटांचं प्रदर्शन ठरलं आणि सरांनी आपली वीरांची तिकिटं मांडायला घेतली. पानं त्यांनी सजवायची, पातळ चौकटी मी करायच्या. दुपारी दुकान अर्धं लावून मी त्यांच्या खोलीत बसायचो. भिंगातून पाहिलं की नखाएवढ्या कागदावर माणसाच्या मिशीचा केस न् केस दिसायचा. काहींना मिशीही नव्हती. माझ्या मुलाएवढेच असतील.

एकदा मी सहज विचारलं, "सर, यांतला एखादा असेल का हो अजून?"

"असेल म्हणजे?"

"म्हणजे हयात."

सर चिमट्यानं एक तिकीट सरळ करत होते. मान वर न करता म्हणाले, "छे. आपल्याकडे हयात माणसावर सहसा तिकीट काढत नाहीत. क्वचित कुणाचं निघालं असेल, पण रीत ही. आधी माणूस जातो, मग कितीतरी वर्षांनी तिकीट येतं."

एसटीची वेळ सांगावी तसं ते बोलले. मी भिंग खाली ठेवलं. समोर ओळीनं चेहरे होते, रंगीत, हसरे, आणि एकाएकी मला ते माझ्या दुकानातल्या फोटोंसारखे दिसायला लागले. फरक इतकाच, की यांच्या कड्या दिसत नव्हत्या.

त्याच आठवड्यात मुलाचा फोन आला होता. तो उत्तरेकडे बर्फात आहे, एवढंच आम्हाला ठाऊक. "बाबा, मी आता वरच्या पोस्टवर जाऊन राह्यलो. तिथं फोन नाई लागत. खाली आलो का लावीन. उगी टीव्ही पाहत बसू नका दोघंबी."

"किती दिवस?" मी विचारलं.

"मले काय माईत. साहेब सांगन तवा."

बायकोनं फोन हिसकावून घेतला. "मोजे दोन-दोन घालत जाय. आन् पत्ता तोच हाये ना?"

"तोच. नंबर आन् एपीओ, फौजेचं टपाल. चिठ्ठी येते वर, सामानासंगं. पन तुमी कोन चिठ्ठी लिवता."

तो हसला. फोन कट झाला. त्यानंतर काही नाही.

अकोल्याला मी सरांबरोबर गेलो. चौकटी रजईत गुंडाळून एसटीच्या मागच्या सीटवर ठेवल्या होत्या. मूर्तिजापूरला बस थांबली तेव्हा सर चहाला उतरले, मी उतरलो नाही. चौकटींवर हात ठेवून बसलो. कंडक्टर म्हणाला, "काय हाये बावा, दागिने काय?" मी म्हटलं, "तिकिटं." त्यानं आपल्या हातातल्या मशीनकडे पाहिलं आणि म्हणाला, "मंग माह्यापेक्षा जास्त दिसून राह्यली."

प्रदर्शन एका शाळेच्या हॉलमध्ये होतं. माणसं येत होती, चौकटींसमोरून सरकत होती. एक म्हातारी बाई एका तिकिटासमोर बराच वेळ उभी राहिली आणि मला म्हणाली, "केवढंसं पोट्टं हाये हो हे." ती चौकट सरळच होती, तरी मी ती सरळ केली.

दुपारी सर दिसेनात. हॉलच्या दाराशी पोस्टाचं एक टेबल होतं, तिथं फोटो दिला की तुमच्या फोटोचं तिकीट छापून मिळत होतं. त्याला 'माय स्टॅम्प' म्हणतात. लोक नातवंडांचे, नव्या जोडप्यांचे फोटो देत होते. सर तिकडून आले ते दोन्ही हातांत एक पान आडवं धरून, भरलेलं ताट आणावं तसं.

"मिस्त्री, बघा."

पानावर ओळीनं तिकिटं होती आणि प्रत्येकाला जोडून माझ्या मुलाचा चेहरा होता. कसम परेडच्या दिवशीचा, त्यानं फौजेची शपथ घेतली तेव्हाचा. बिल्ला, नंबर काही दिसू नये म्हणून सरांनी नुसता चेहरा आणि टोपी घेतली होती. एकच पोरगा, पुन्हा पुन्हा, सारखाच पाहत होता.

सर म्हणाले, "एवढी वर्षं मी दुसऱ्यांची मुलं जमवली. हा आपला. ही फ्रेम तुम्ही स्वतःच्या हातानं करायची. मग मी ती सगळ्यांना दाखवणार आहे."

मी "हो सर" म्हणालो. दुसरं काय म्हणणार. त्यांचे हात कापत होते आनंदानं, माझेही कापत होते, आणि त्यांना वाटलं दोघांचं एकच कारण आहे.

परतीच्या बसमध्ये ते पान माझ्या मांडीवर होतं. बडनेरा येईपर्यंत मी एकदाही खाली पाहिलं नाही.

घरी आल्यावर बायकोला विचारलं, "फोटो तू दिलास?"

"सरांनी मागतला, म्या देल्ला. मोबाईलवर पाठवला. काहून?"

"तिकीट गेलेल्या माणसाचं काढतात."

ती भाकरी थापत होती. थांबली नाही. "ते सरकारी. हे पैशे देऊन काढलेलं हाये. लगनाच्या जोडप्यायचं काढते, तेबी मेले का मंग?"

"सर स्वतः म्हणाले होते. आधी माणूस जातो, मग तिकीट येतं."

"सर भल्ले शिकलेले हायेत. तुमी सातवी. त्यायचं त्यायच्यापाशी राहू द्या." भाकरी तव्यावर पडली. मग ती हळू आवाजात म्हणाली, "आन् हे असं माह्यापुढं पुन्यांदा बोलू नका."

तेव्हा मला कळलं की ती घाबरत नाही असं नाही. तिनं ती भीती माझ्याकडे सोपवून ठेवली आहे.

फ्रेम करायला मी टाळाटाळ केली. काच आली नाही म्हणालो. पट्टी नागपूरहून मागवली आहे म्हणालो. सर रोज सकाळी फिरून येताना दुकानात डोकावायचे. "आली का पट्टी?" मी मान खाली घालून रंधा मारत राहायचो. ते पान मी दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून फळीवर ठेवलं होतं. त्याच फळीखालच्या खणात कड्यांची डबी होती, तर मी डबी उचलून घरी नेली आणि बायकोच्या पिठाच्या डब्यामागे ठेवली. तिनं ती पाहिली. डबा तिच्यापुढं ओढून ठेवला.

फोन येत नव्हता. दुकानात रेडिओ असायचा, तो मी बंद केला. गल्लीत कोणी मोठ्यानं हाक मारली तरी मी रंधा थांबवून ऐकत राहायचो. त्या दिवसांत एक माणूस आला, साठीचा, हातात वर्दीतल्या तरुणाचा फोटो. मी हाराचं विचारलंच नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःच म्हणाला, "माहा भाऊ हाये. रिटायर झाला काल. जुना फोटो लावाचा हाये त्याच्या घरी." मी खुर्चीवर बसलो. तो म्हणाला, "पानी पाजू काय तुमाले?" गिऱ्हाइकानं मला पाणी दिलं.

शेवटी सरांनीच सांगितलं. कॉलनीच्या मंडळाचा कार्यक्रम आहे. फौजेत मुलं असलेल्या कुटुंबांचा सत्कार, बरोबर त्यांच्या तिकिटांचं छोटं प्रदर्शन. "तुमची दोघांची शाल-श्रीफळ आहे, मिस्त्री. आणि फ्रेम मधोमध." मी नाही म्हणू शकलो नाही. माझ्या मुलाला गणित शिकवणारा माणूस माझ्या दारात उभा राहून परवानगी मागत होता.

फ्रेम केली. पिवळसर, हलक्या रंगाची पट्टी घेतली, सागवानी काळपट नाही. काच पुसताना माझ्या मुलाच्या चेहऱ्यावरून फडकं फिरत होतं, एकदा, परत एकदा. मागं टांगायची कडी एकच. वरची पट्टी मी पॉलिश पेपरनं इतकी घासली की तिच्यावर माशी बसली असती तरी घसरली असती.

कार्यक्रम रविवारी सकाळी होता. मंडळाचा हॉल भरला होता. सर पाहुण्यांना आणायला फाटकावर थांबले होते, पाहुणे म्हणजे एक निवृत्त सुभेदार. फ्रेम मी मंडळाच्या पोरांच्या हातात दिली होती, "सरांच्या तिकिटांजवळ ठेवा" म्हणून. मग आम्हाला पहिल्या रांगेत बसवलं. बायकोनं तिची ठेवणीतली हिरवी साडी नेसली होती.

मी स्टेजकडे पाहिलं. पांढरा कपडा घातलेलं टेबल होतं, त्यावर दरवेळी असतात त्या प्रतिमा, पुढं समई, ताटात हार, कुंकू, फुलं. आणि प्रतिमांच्या शेवटाला, त्याच ओळीत, माझी पिवळसर फ्रेम.

पोरांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांनी वर्दीची टोपी पाहिली, तिकीट पाहिलं, फ्रेम पाहिली. आपल्याकडे कार्यक्रमात अशी फ्रेम आली की ती कुठं ठेवायची हे कोणाला सांगावं लागत नाही.

मी उठायला हवं होतं. उठलो नाही. बायको बाजूच्या बाईशी बोलत होती, तिनं पाहिलं नव्हतं. मला तिला सांगायचंही धैर्य झालं नाही. सर पाहुण्यांना घेऊन आत आले, पाठ करून माईकवाल्याशी बोलायला लागले. निवेदन करणारा म्हणाला, "आता मान्यवरांच्या हस्ते प्रतिमापूजन."

सुभेदार एकेका प्रतिमेपुढं थांबत होते. हार घालायचे, कुंकू लावायचे, पाऊल मागे घेऊन हात जोडायचे. मी मोजत नव्हतो तरी मला कळत होतं किती उरल्या. ते माझ्या मुलापुढं आले. पोरानं हार पुढं केला. त्यांनी तो फ्रेमवर ठेवला.

हार घसरला.

त्यांनी परत ठेवला. परत घसरला, या वेळी काचेवरून सरकत टेबलावर पडला आणि समईच्या पायाशी गेला. मंडळाच्या पोरानं फ्रेमच्या वरच्या कडेवर बोट फिरवलं आणि स्टेजवरूनच मला विचारलं, "मिस्त्री, कड्या नाई लावल्या काय याले?"

हॉलमध्ये थोडा हशा पिकला. मिस्त्रीच्या स्वतःच्या फ्रेमला कडी नाही, या गमतीचं. मला फक्त एवढं दिसत होतं की पोरगं खिशातून चिकटपट्टी काढतंय. आता ते हार चिकटवणार.

बायको उठली. कधी उठली ते मला कळलं नाही, मला तिची हिरवी पाठ दिसली. ती स्टेजच्या पायऱ्या चढली, पोराच्या हाताला धरून चिकटपट्टी बाजूला केली आणि हार उचलला.

"हा माहा पोरगा हाये," ती म्हणाली. माईक नव्हता, पण शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. "जिता हाये."

सुभेदारांच्या बोटाला कुंकू होतं, ते तसंच हवेत राहिलं. मग त्यांनी हात खाली घेतला आणि हळूच म्हणाले, "माफ करा ताई. मला कुणी सांगितलं नाही."

"तुमची काई चुकी नाई भाऊ." तिच्या हातात हार तसाच होता. तो परत ताटात ठेवला असता तर दुसरीकडे गेला असता, आणि फेकायचा तर फुलं होती. तिनं इकडे तिकडे पाहिलं. "सर, तुमी या बरं इकडे."

सर जागचे हलले नव्हते. त्यांच्या चेहऱ्याचा रंग गेला होता. ती दोन पावलं गेली आणि हार त्यांच्या गळ्यात घातला. "यायनं शिकवलं त्याले. हार घालाचा तर यायले घाला."

टाळ्या वाजल्या. मागच्या लोकांना वाटलं हे ठरलेलंच आहे. सर गळ्यात हार घेऊन उभे होते आणि फ्रेमकडे पाहत होते, आणि मला वाटतं त्या क्षणी त्यांनी ती पहिल्यांदा माझ्या डोळ्यांनी पाहिली.

घरी येताना बायको माझ्यापुढं दोन पावलं चालत होती. दारात आल्यावर चपला काढता काढता तिथंच पायरीवर बसली आणि पदर तोंडात धरून रडली. मी तिच्या शेजारी बसलो. शाल-श्रीफळ दोघांच्या मध्ये होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर दुकानात आले. हातात ती फ्रेम होती, आणि चिमटा, आणि एक कोरा लिफाफा. बाकड्यावर बसले.

"मिस्त्री, ही उघडा."

"सर, राहू द्या ना. तुमच्या मनात वाईट काही नव्हतं."

"नव्हतं. पण तुम्हाला भीती वाटत होती आणि मी रोज येऊन पट्टीचं विचारत होतो. तुम्ही बोलला का नाहीत?"

मी पक्कड घेतली. खिळे काढले, पुठ्ठा काढला, पान बाहेर काढलं. सरांनी ते हातात घेतलं, बोटांनी. चिमटा बाकड्यावरच राहिला. मग त्यांनी भोकांच्या ओळीवर पान दुमडलं, परत उलटं दुमडलं, आणि कोपऱ्यातलं एक तिकीट मुलाच्या चेहऱ्यासकट तोडलं. आवाज अगदी बारीक झाला. मी त्यांच्याकडे पाहू शकलो नाही. एवढ्या वर्षांत मी त्यांना अख्ख्या पानातलं एक तिकीट तोडताना पाहिलं नव्हतं.

"भिंतीवर लावलं म्हणून तुम्हाला तो फोटो वाटतो," ते म्हणाले. "हे तिकीट आहे. त्याला पत्रावर बसवून धाडायचं. लिहा."

"मी?"

"मग काय मी? बाप तुम्ही."

सातवीनंतर मी मापं लिहिली, गिऱ्हाइकांचे फोन नंबर लिहिले. पत्र नाही. सरांनी कागद पुढं सरकवला आणि रस्त्याकडे तोंड करून बसले, वर्गात पेपर सोडवणाऱ्या पोराकडे मास्तर मुद्दाम पाहत नाही तसे. मी लिहिलं, की आम्ही बरे आहोत, तुझी आई बरी आहे, सर बरे आहेत, दुकान चालू आहे. तू कसा आहेस. मोजे घाल. मग पुढं काही सुचेना. भीती वाटते असं लिहायचं होतं, ते लिहिलं नाही. खाली लिहिलं, पत्र मिळालं की कळव, आणि 'कळव' खाली रेघ मारली.

सरांनी तिकीट जिभेला लावलं. ते करताना त्यांचं तोंड असं झालं की मला हसू आलं, खूप दिवसांनी. तिकीट जरा वाकडं बसलं. त्यांनी ते सरळ करायला नख लावलं आणि कोपरा थोडा सोलला गेला. "जाऊ द्या," ते म्हणाले, पण कितीतरी वेळ त्या कोपऱ्यावर अंगठा दाबून बसले.

पत्र पेटीत टाकलं आणि मला दुसरी भीती लागली. सुभेदारांनीच कार्यक्रमानंतर चहाच्या वेळी सांगितलं होतं, फौजेतल्या माणसाचं पत्र कधीकधी परत येतं. बदली झाली, पलटण हलली, कारणं पुष्कळ असतात. पण मला एकच कारण ऐकू आलं. पोस्टमन फाटकाशी सायकल टेकवायचा तेव्हा मी मुद्दाम आत वळून काच कापायला घ्यायचो. पोस्टमन म्हणायचा, "मिस्त्री, सरायचं हाये, घेऊन ठेवा." मी लिफाफा उलटा घ्यायचो. आधी मागची बाजू पाहायचो. मग धीर करून पुढची. वाकडं तिकीट नाही ना. नाही.

ऊन वाढलं. घरोघरी कूलरमध्ये नवं गवत भरलं गेलं, सरांनी तिकिटांच्या खोलीतला कूलर बंद ठेवला, ओलाव्यानं डिंक सुटतो म्हणून. स्वतः घामानं निथळत बसायचे आणि मला म्हणायचे, "काही आलं?" आता पट्टीचं विचारत नसत, हे विचारत. मी नाही म्हणायचो. मग दोघंही रस्त्याकडे पाहत बसायचो. मला तेव्हा कळलं की माझी भीती आता एकट्या माझी राहिलेली नाही. त्याचं बरंही वाटलं आणि वाईटही.

फोन आला तेव्हा मी एका लग्नाच्या फोटोला पुठ्ठा ठोकत होतो. नंबर ओळखीचा नव्हता. मी तो वाजू दिला. उचलावा की नाही कळेना, कारण अनोळखी नंबरवरून काय काय सांगितलं जातं ते मी रोज दुकानात ऐकतो. बायको डबा घेऊन आली होती, तिनं उचलला. ऐकलं. मग खुर्चीवर बसून तिनं फोन माझ्या कानाला लावला.

"बाबा, ते तिकीट वाकडं कोनं चिटकवलं?"

मी हातोडी खाली ठेवली.

"बाबा? आवाज येऊन राह्यला काय?"

"सरांनी," मी म्हणालो.

"सरांनी? मले तर अल्बमजोळ शिंकू देत नोयते." तो हसत होता, दम लागल्यासारखा हसत होता. "इथं साऱ्यायनं पाह्यलं. म्हनते, तू मेला काय बे, तिकिटावर आला. आता माहं नावच शहीद पडलं. जेवाले बसलो का म्हनते, शहीदले वाढा आधी."

मी डोळे मिटले. बायको विचारत होती, "काय म्हनते, काय म्हनते." मी हातानं थांब म्हटलं.

"बरा आहेस ना?"

"बरा हावो. खाली आलो आठ दिसासाठी. मंग पुन्यांदा वर." मग म्हणाला, "बाबा, तुमचं अक्षर भल्लं खराब हाये. पन अजून एक टाका."

मी सरांना हाक मारली. ते फाटकापर्यंत धावत आले, पायात चप्पल नव्हती, खाली फरशी तापली होती.

फ्रेम आता माझ्या दुकानात आहे, दर्शनी नाही, आतल्या भिंतीवर. मी तिला काच परत बसवलेली नाही, पान चार टाचण्यांवर आहे, म्हणजे काढायला सोपं. त्याच्या कडेची काही तिकिटं गेलेली आहेत, तिथून मागचा पुठ्ठा दिसतो. प्रत्येक पत्राबरोबर मुलाचा एक चेहरा कमी होतो आणि ते पत्र पोचेपर्यंत मी पोस्टमनचा प्रत्येक लिफाफा आधी उलटाच घेतो. बायको म्हणते, संपलं तर सरांना सांगून दुसरं पान काढू. मी म्हणतो, संपू दे आधी.

तो पुन्हा वर गेला आहे. सकाळी दुकान उघडलं की मी फ्रेमच्या वरच्या पट्टीवर, दोन्ही कोपऱ्यांत, बोट फिरवून पाहतो. गुळगुळीत आहे. मग कामाला लागतो.